हृदयाचा बांध फुटतो तेव्हा

शापोरा, तेरेखोल आणि मांडवी या नद्यांच्या काठी खाजण कसणाऱ्या आमच्या वाचकांना बांध फुटणे म्हणजे काय ते सांगावयास नको. बांध एका रात्रीत फुटला असे आपण म्हणतो, पण तो आधी कित्येक दिवस आतून पोकळ होत असतो. कुर्ल्या बिळे पाडतात, त्यांतून खारे पाणी झिरपते, चिखल मऊ होतो आणि मग एखाद्या पुनवेच्या भरतीला तेवढाच भाग कोसळतो. क्वचित असेही घडते की फुटलेल्या जागेच्या मागे जुन्या बांधाची कड शिल्लक असते. पाणी तेथे अडते, एका कोपऱ्यात डबके होऊन राहते आणि बाकीचे शेत वाचलेले असते. अशा वेळी शहाणा शेतकरी "पाणी अडले आहे, उद्या बघू" म्हणून घरी जात नाही. पुढच्या भरतीपूर्वी तो चार माणसे जमवितो.

माणसाच्या हृदयाचेही कधी कधी असेच होते. भिंत फुटते, पण रक्त बाहेरच्या पडद्याने अडते आणि माणूस जगतो. या अडलेल्या फुटीविषयी, आणि छाती न उघडता ती बुजविण्याच्या उपायाविषयी, या वेळी आम्ही लिहीत आहोत. रोग विरळा आहे. पण तो बहुधा ज्या कारणाने होतो, ते कारण आपल्या गावांत मुळीच विरळा नाही. म्हणून हा विषय घेतला.

भिंत आणि तिच्याभोवतीची पिशवी

आपले हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते. त्याला चार कप्पे असतात. त्यांपैकी डावीकडचा खालचा कप्पा सर्वांत कष्टाळू. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त तो डोक्यापासून पायांपर्यंत ढकलतो. बसल्या जागी मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त त्यातून जाते आणि दिवसाला लाखभर ठोके पडतात. हे काम पेलावे म्हणून त्याची भिंत सुमारे 1 सेंटीमीटर जाड, भक्कम स्नायूची असते.

या सबंध हृदयाभोवती एक चिवट पिशवी असते. तिच्यात थोडासा पातळ द्रव असतो. गाडीच्या आसाला वंगण, तसा तो हृदयाला. ही पिशवी चिवट असली तरी एकाएकी ताणत नाही. हृदयाची भिंत फुटून दीड-दोनशे मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक पेलाभर रक्त एकदम तिच्यात शिरले, की हृदय चोहोबाजूंनी दाबले जाते. त्याला भरता येत नाही, मग ढकलणार काय? माणूस काही मिनिटांत दगावतो.

ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज 25 ऑक्टोबर 1760 रोजी सकाळी अकस्मात मरण पावला. डॉ. फ्रँक निकोल्स यांनी शव उघडून पाहिले, तेव्हा हृदयाच्या उजव्या बाजूची भिंत फाटलेली व भोवतालची पिशवी रक्ताने भरलेली आढळली. राजवैद्य दाराशी असूनही कोणाला काही करता आले नसते.

परंतु काही रोग्यांत फुटीच्या जागी ही पिशवी हृदयाला आधीच चिकटलेली असते. पूर्वी कधी सूज येऊन गेलेली असते, किंवा भिंतीतून रक्त हळूहळू झिरपताना त्याची गुठळी धरते. मग रक्त सगळीकडे पसरत नाही. भिंतीच्या बाहेर एक छोटी थैली तयार होते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तिच्यात रक्त जाते-येते. डॉक्टर तिला खोटा फुगा म्हणतात.

खोटा का म्हणावयाचा? हार्ट अटॅकनंतर कित्येकांच्या हृदयाची भिंत एका जागी पातळ होऊन बाहेर फुगते. तो खरा फुगा. त्याच्या कवचात हृदयाची स्वतःची भिंत, वण पडलेली का होईना, असतेच. तो सहसा फुटत नाही. खोट्या फुग्याच्या कवचात हृदयाची भिंत नसतेच, नुसती पिशवीची कातडी आणि गोठलेले रक्त. तो आज टिकला म्हणून उद्या टिकेल असे कोणीही सांगू शकत नाही. म्हणूनच तपासणीत दोहोंतील फरक ओळखणे फार महत्त्वाचे. खोट्या फुग्याचे तोंड बहुधा अरुंद आणि पोट मोठे असते, मडक्यासारखे.

भिंत का फुटते

1998 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी जगभरात नोंदल्या गेलेल्या अशा 290 रोग्यांची माहिती एकत्र केली. निम्म्याहून अधिक लोकांना हा विकार हार्ट अटॅकनंतर झाला होता. सुमारे एकतृतीयांश लोकांना तो पूर्वीच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर झाला, आणि उरलेल्यांना अपघाताच्या माराने किंवा जंतूंच्या संसर्गाने. शंभरांतील दहाएक जणांना काहीच त्रास जाणवला नव्हता. ज्यांचे ऑपरेशन झाले नाही त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे दगावले. ज्यांचे झाले त्यांच्यापैकी शंभरात 23 दगावले. म्हणजे ऑपरेशन सोपे नव्हते, पण नुसते थांबणे त्याहून वाईट होते.

हार्ट अटॅकमध्ये होते ते असे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी एखादी नळी गुठळीने बंद होते. अर्ध्या तासाच्या आसपास तेथील स्नायू मरू लागतो. सहा तास गेले की त्यातला बहुतेक भाग हातचा गेलेला असतो. मेलेला स्नायू शरीर हळूहळू काढून टाकते आणि त्या जागी घट्ट वण तयार करते. पण वण पक्का व्हावयास सहा ते आठ आठवडे लागतात. मधल्या काळात ती जागा ओल्या चिखलासारखी मऊ असते आणि रक्ताचा दाब मात्र तिच्यावर रात्रंदिवस आदळत असतो. ज्यांची भिंत फुटते त्यांपैकी निम्म्यांची पहिल्या पाच दिवसांत फुटते, आणि बहुतेकांची दोन आठवड्यांच्या आत.

हा धोका कोणाला अधिक? वयस्करांना, स्त्रियांना, ज्यांचा रक्तदाब चढलेला राहतो त्यांना, ज्यांचा हा पहिलाच झटका असतो त्यांना. आणि सर्वांत मुख्य म्हणजे जे इस्पितळात उशिरा पोहोचतात त्यांना. बंद नळी वेळेवर उघडली गेली तर मेलेली जागा लहान राहते आणि भिंत टिकते. नळी लवकर उघडण्याचे उपाय आल्यापासून भिंत फुटण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले आहे.

एक उदाहरण घेऊ

समजा, पेडणे तालुक्यातील साठीचा एक शेतकरी आहे. काजूचा मोसम आहे. सकाळपासून वाकून बोंडू वेचले, पाटी डोक्यावर घेऊन चढ चढला, आणि छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. घाम सुटला, डावा हात जड झाला. बायको म्हणते, "अहो, डॉक्टरकडे जाऊया." तो म्हणतो, "गॅस असेल. सोडा दे, जरा पडतो." संध्याकाळपर्यंत दुखणे कमी होते. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसते, पण भट्टी लावलेली आहे, फेस्त तोंडावर आहे, माणसे मिळत नाहीत. तो तसाच कामाला लागतो.

तिसऱ्या आठवड्यात चर्चच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागते. रात्री आडवे पडले की खोकला येतो, उठून बसावे लागते. मुलगी म्हणते, "पपा, तुमचे पाय सुजलेत." आता इस्पितळात कार्डिओग्राम निघतो आणि कळते की झटका तीन आठवड्यांपूर्वीच येऊन गेला. इकोची तपासणी होते आणि हृदयाच्या मागच्या बाजूला ती थैली दिसते.

हा माणूस नशीबवान. त्याची पिशवी टिकली. पण दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, हा त्याचा समज घातक होता. स्नायू मेला की त्याचे दुखणेही थांबते.

म्हणून झटका येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यांत पुढील लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये: नव्याने लागणारी धाप, छातीत पुन्हा दुखणे, घेरी येऊन पडणे, आडवे न झोपवणे. एकाएकी बोबडी वळली, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला तर तेही त्यातलेच असू शकते. थैलीत गोठलेल्या रक्ताचा तुकडा सुटून मेंदूकडे जातो. इकोने, म्हणजे आवाजाच्या लहरींनी घेतलेल्या चित्राने, हा विकार बहुधा कळतो. नेमकी जागा आणि तोंडाची रुंदी ठरविण्यासाठी सीटी स्कॅन करतात.

छाती उघडून आणि छाती न उघडता

जुना आणि आजही पहिला मानला जाणारा उपाय म्हणजे मोठे ऑपरेशन. छातीचे हाड मधोमध कापतात, रक्ताचे काम थोडा वेळ यंत्राकडे देतात, थैली उघडतात आणि भोकावर कापडाचे ठिगळ शिवतात. त्याच वेळी बंद नळ्यांची बायपासही करता येते. काम पक्के होते. पण ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे, मूत्रपिंडे अधू आहेत, वय झाले आहे, किंवा ज्याची छाती पूर्वी एकदा उघडलेली आहे, त्याला हे ऑपरेशन पेलेलच असे नाही. काही वेळा सर्जनच सांगतात की टेबलावरच रोगी जाण्याची भीती आहे. पूर्वी अशा माणसाला गोळ्या देऊन घरी पाठविण्यापलीकडे फारसे काही उरत नसे.

त्याच्यासाठी हा दुसरा मार्ग निघाला. 2004 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी नळीवाटे, छाती न उघडता, डाव्या कप्प्याच्या भिंतीवरील अशी थैली बुजविल्याचे प्रसिद्ध केले. 2011 साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी 7 रोग्यांवर असेच उपचार केल्याची माहिती दिली. त्यानंतर इतर देशांतही असे रोगी बरे केले गेले आहेत.

यात वापरतात ती चकती मूळची दुसऱ्या कामाची. कुर्ट अँप्लाट्झ या ऑस्ट्रियात जन्मलेल्या व अमेरिकेत काम केलेल्या डॉक्टरांनी मुलांच्या हृदयातील जन्मजात भोके बुजविण्यासाठी ती साधने तयार केली. ती निटिनॉल नावाच्या तारेची विणलेली असतात. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू. ओढून, ताणून बारीक नळीत भरला तरी बाहेर पडताच तो आपला मूळ आकार घेतो. चकतीचा आकार शर्टाच्या दुहेरी बटणासारखा: दोन चकत्या आणि मधे कंबर. आत पॉलिस्टरचे कापड शिवलेले असते.

काम असे चालते. रोग्याला बहुधा भूल देतात. जांघेतील रक्तवाहिनीत सुईने छोटे छिद्र करून लांब, लवचिक नळी हृदयापर्यंत सरकवितात. एका पडद्यावर एक्स-रेचे चित्र दिसत असते, दुसऱ्यावर अन्ननलिकेत सोडलेल्या इकोचे. बारीक तार थैलीच्या तोंडातून अलगद आत नेतात. तिच्यावरून नळी पुढे सरकते. नळीच्या टोकातून पहिली चकती थैलीच्या बाजूला उमलते, मग नळी थोडी मागे घेतली की दुसरी चकती हृदयाच्या आतल्या बाजूला उमलते. फुटलेल्या भिंतीची कड दोहोंच्या मध्ये धरली जाते. औषध सोडून पाहतात, रक्त अजून थैलीत जाते काय. चकती हलत नाही अशी खात्री झाली की मगच तिचा आटा फिरवून तिला मोकळी करतात. खात्री झाली नाही तर ती पुन्हा नळीत ओढून घेता येते. क्वचित जांघेतून वाट साधत नाही, तेव्हा बरगड्यांमधून सुईने थेट हृदयात जाण्याचाही मार्ग वापरला गेला आहे.

चकती बसल्यावर थैलीतील रक्त स्थिर होते व गोठते. पुढील काही महिन्यांत चकतीवर शरीराचा स्वतःचा पातळ पडदा चढतो. बांधाच्या भगदाडात गवत-चिखलाचा पेंढा ठोकावा आणि पुढे त्यावर गाळ बसून तो बांधाचाच भाग व्हावा, तसे हे आहे.

हे सर्वांना चालते काय

नाही. आम्ही हे मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण "छाती न कापता होते" एवढेच ऐकून लोक ऑपरेशन टाळू पाहतात.

पहिली गोष्ट, पिशवी टिकलेली नसेल, रक्त मोकळे पसरले असेल, तर चकतीला वेळच नसतो. तेथे तातडीचे ऑपरेशन हाच उपाय, आणि तोही क्वचितच वेळेवर होतो. दुसरी, झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत फुटीची कड इतकी मऊ असते की चकतीला धरावयास काही घट्ट मिळत नाही. तिसरी, थैलीचे तोंड फार रुंद असेल किंवा ते हृदयाच्या झडपेच्या अगदी जवळ असेल तर चकती बसत नाही. शिवाय चकती निसटणे, तारेने पातळ कवच फाटणे, थोडी गळती राहणे, गुठळी मेंदूकडे जाणे, हे धोके आहेतच. म्हणून ज्याला मोठे ऑपरेशन झेपेल त्याला डॉक्टर बहुधा तेच सुचवितात. चकती की चाकू हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी एकत्र बसून, रोग्याची चित्रे पाहून ठरवावयाचे असते. घरच्यांनी दोघांनाही विचारावे, आणि प्रश्न विचारताना संकोच करू नये.

चकती बसली म्हणजे आजार संपला असेही नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्या लागतात. इको पुन्हा पुन्हा करावा लागतो. पोती उचलणे, नांगर, कुदळ, माडावर चढणे हे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. विडी कायमची बंद.

आपल्या हाती काय आहे

पेडण्याहून किंवा डिचोलीहून बांबोळीला जावयाचे म्हणजे तीसेक किलोमीटरचा किंवा त्याहून लांबचा रस्ता. आडगावात राहणाऱ्याला मुख्य रस्त्यावर येण्यातच वेळ जातो. पण पहिला उपचार मिळण्यासाठी आता बांबोळी गाठेपर्यंत थांबावे लागत नाही. 2018-19 च्या सुमारास गोवा सरकारने "स्टेमी गोवा" ही योजना सुरू केली. तिच्यात गावाकडच्या सरकारी केंद्रात कार्डिओग्राम काढतात, तो तज्ज्ञांकडे पाठवून लगेच वाचून घेतात, आणि मोठा झटका असेल तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच देतात. मग रोग्याला पुढील तपासणीसाठी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या गोमेकॉत नेतात. हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वांत गुणकारी. बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा राहत नाही, आणि फार उशिरा दिले तर भिंत फुटण्याचा धोका उलट वाढतो. म्हणजे तेच औषध, तोच माणूस. फरक फक्त त्याने घरी घालविलेल्या तासांचा.

108 ची रुग्णवाहिका गोव्यात 2008 पासून आहे. तिला बोलवा. छातीत दुखणाऱ्या माणसाला स्कूटरच्या मागे बसवून नेऊ नका, आणि त्याला स्वतः गाडी हाकू देऊ नका. खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की 2016 साली सुरू झालेल्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड यासाठीच आहे. आपले कार्ड कोठे ठेवले आहे आणि त्याची मुदत संपली आहे काय, हे आजच पाहून ठेवा. झटका आल्यावर कपाट शोधत बसू नये.

आणखी एक. छातीत दुखले की घोटभर फेणी घेतली म्हणजे मोकळे होते, असे सांगणारी माणसे प्रत्येक वाड्यावर भेटतात. त्यांचे ऐकू नये. फेणीने नळी उघडत नाही. दुखणे थोडे बधिर होते आणि मोलाचा तास जातो.

ध्यानात ठेवावे:

1. छातीत आवळल्यासारखे दुखणे, घाम, हात किंवा जबडा दुखणे, धाप, ओकारी यांपैकी काही वीस मिनिटे राहिले तर गॅस समजू नका. स्त्रियांत आणि मधुमेही माणसांत छातीत न दुखताही झटका येतो.

2. दुखणे थांबले तरी त्याच दिवशी कार्डिओग्राम काढा.

3. झटक्यानंतरचे दोन आठवडे सर्वांत नाजूक. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, जड काम करू नका.

4. घरी आल्यावर नवी धाप, घेरी, छातीत दुखणे किंवा बोबडी वळली तर लगेच इस्पितळात जा आणि इको करण्याविषयी विचारा.

5. खोटा फुगा आहे असे निदान झाले तर "सध्या त्रास नाही" म्हणून परत येऊ नका. ऑपरेशन किंवा चकती, दोहोंपैकी काय जमेल ते विचारून निर्णय घ्या.

फुटलेल्या हृदयाला जांघेतून ठिगळ लावण्याची विद्या माणसाला साधली, याचे आम्हाला कौतुक वाटते. पण ती ज्याला लागते त्याचा बांध एकदा फुटलेला असतो. आमच्या वाचकांना ती कधी लागूच नये, आणि त्यासाठी सोडा मागण्याआधी त्यांनी 108 फिरवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.